गावच्या देवळाबाहेरचे ते कोरीव दगड नेमके कुणाचे? वीरगळ कसा वाचायचा, समजून घ्या

रागाने मुठी आवळलेला, एक पाय वर उचलून आपटणारा लहान मुलगा. हा ब्राँझचा पुतळा तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिला असेल. तो आहे नॉर्वेची राजधानी ऑस्लोमधल्या विगेलँड पार्कमध्ये. गुस्ताव विगेलँड (१८६९-१९४३) या शिल्पकाराने आयुष्याचा मोठा काळ एकाच कामाला दिला. माणूस जन्मतो, खेळतो, प्रेमात पडतो, भांडतो, आईबाप होतो, म्हातारा होतो आणि जातो, हा सगळा प्रवास त्याने दगड, ब्राँझ आणि लोखंडात उभा केला. इथे २०० हून जास्त शिल्पं आहेत. मधोमध १४ मीटरहून उंच असा एकाच दगडातून कोरलेला खांब आहे आणि त्यावर एकमेकांना बिलगलेली १२१ माणसं. पुतळ्यांना नावं नाहीत. बाग उघड्यावर आहे आणि तिला तिकीट नाही.

ही रील पाहिली की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. असं काही आपल्याकडे का नाही?

हुबेहूब असं नाही, हे खरं. पण माणसाच्या भावना, दगडात कोरलेल्या, उघड्या आकाशाखाली आणि कुणीही जाऊन पाहाव्यात अशा, एवढीच व्याख्या धरली, तर महाराष्ट्रात अशी शिल्पं शेकडो वर्षांपासून उभी आहेत. ती तुमच्या गावातही असतील. फक्त ती कशी वाचायची हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना म्हणतात वीरगळ.

आधी एक ठिकाण पाहू : पेडगाव

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात भीमा नदीच्या काठावर पेडगाव आहे. इथला भुईकोट किल्ला बहादूरगड म्हणून ओळखला जातो. मुघल सरदार बहादूरखान कोकलताश याच्यावरून हे नाव पडलं. आता या किल्ल्याला धर्मवीरगड असंही म्हणतात, कारण फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर इथेच आणलं गेलं होतं. बहुतेक लोक हा किल्ला पाहायला येतात ते याच इतिहासासाठी.

पण किल्ल्याच्या आत त्याहून बऱ्याच जुन्या गोष्टी आहेत. यादवकाळातली मंदिरं. त्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. आणि भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात उभे आहेत वीरगळ.

पर्यटक साधारण काय करतात? देवाला नमस्कार करतात, तटबंदीवर सेल्फी काढतात आणि या दगडांच्या शेजारून निघून जातात. काहींना वाटतं ही जुन्या देवळाची तुटलेली शिल्पं असतील. काहींना ते देवच वाटतात. काही जण त्यांचा थेट संबंध संभाजी महाराजांच्या काळाशी जोडतात. तसं लगेच समजू नका. किल्ल्याचा इतिहास वेगळा आणि वीरगळांचा वेगळा. वीरगळांची प्रथा महाराष्ट्रात पुढेही चालू राहिली, पण शिलाहार आणि यादवांच्या काळात, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकात, ती ऐन भरात होती.

वीरगळ म्हणजे काय?

साध्या शब्दांत सांगायचं तर लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड. शब्द कन्नडमधून आला आहे. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड, ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड. त्याचं मराठीत झालं वीरगळ. गुजरातमध्ये अशा स्मारकांना पाळिया म्हणतात, तमिळनाडूत नडुकल. म्हणजे ही पद्धत एकट्या महाराष्ट्राची नाही.

हा माणूस राजा असायची गरज नव्हती. सेनापतीही नाही. बहुतेक वीरगळ गावाच्या पातळीवरच्या मरणाचे आहेत. गुरं पळवून नेणाऱ्यांचा पाठलाग करताना मेलेला, गावावर हल्ला झाला तेव्हा वेशीवर उभा राहिलेला, रानातल्या जनावराशी झुंजताना गेलेला. इतिहासाच्या पुस्तकात ज्याची कधी एक ओळही येणार नाही असा माणूस गावाने दगडात ठेवला.

वाचायचा कसा? खालून वर

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण पान वाचतो तसं वरून खाली पाहतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. दगडावर एकावर एक चौकटी असतात, साधारण तीन किंवा चार.

सगळ्यात खालची चौकट : मरण. वीर आडवा पडलेला दिसतो. अनेकदा त्याच्या शेजारी किंवा वर गाई कोरलेल्या असतात. म्हणजे गाई वाचवताना हा गेला. कुठे वाघ असतो, कुठे घोडेस्वार.

त्याच्या वरची चौकट : लढाई. ढाल-तलवार, धनुष्यबाण, भाले. एकीकडे आपला वीर, समोर शत्रू. अनेक वीरगळांत मेलेला वीर तळाशी आणि लढणारा वीर त्याच्या वर असतो, म्हणजे आधी शेवट कळतो आणि मग तो कसा झाला ते. काही ठिकाणी दोन्ही प्रसंग एकाच चौकटीत असतात.

त्याच्या वर : वाटचाल. दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मध्ये वीर. त्यांनी त्याला हाताला धरून किंवा खांद्यावर हात टाकून वर नेलेलं असतं. लढाईत मेलेला स्वर्गात जातो, ही त्या काळची श्रद्धा.

सगळ्यात वर : शांतता. शिवलिंगासमोर वीर हात जोडून बसलेला, बऱ्याचदा सोबत पुजारी. शस्त्रं गेलेली असतात. वीर वैष्णव किंवा जैन असेल तर इथे दुसरं दैवत दिसू शकतं.

माथ्यावर कलश आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. अर्थ असा की चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो.

आता या चार चौकटी पुन्हा एकदा भावनांच्या अंगाने बघा. खाली दुखवटा, मग आवेश, मग धीर, मग शांती. घरातलं कुणी अचानक गेलं की मागे राहिलेल्यांना स्वतःला समजवायला जी गोष्ट लागते, तीच इथे पायरी पायरीने कोरली आहे. हा दगड मेलेल्यासाठी जितका आहे तितकाच मागे उरलेल्यांसाठीही आहे.

सगळे सारखेच दिसतात, मग फरक काय?

चार-पाच वीरगळ एका ओळीत पाहिले की तुम्हालाही वाटेल की एकच डिझाइन परत परत कोरलंय. बऱ्याच अंशी ते खरं आहे. अप्सरा, शिवलिंग, कलश, सूर्य-चंद्र हा वरचा भाग जवळपास ठरलेला असतो.

वेगळेपण असतं ते मुख्यतः खालच्या भागात. हा माणूस कशाने मेला ते तिथे कळतं. गाई आहेत की नाहीत, समोर माणूस आहे की जनावर, वीर पायी आहे की घोड्यावर, एकटा आहे की सोबत आणखी कुणी पडलंय. वरच्या चौकटी श्रद्धा सांगतात, खालची चौकट घटना सांगते.

याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण मुंबईत आहे. बोरिवलीजवळ एक्सर इथे मोठाले वीरगळ आहेत आणि त्यातल्या काहींवर चक्क वल्ह्यांची जहाजं आहेत, म्हणजे समुद्रावरची लढाई. हे वीरगळ नेमके कोणत्या लढाईचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी ते जोडले जातात. ती जहाजं कोरलेली नसती, तर हे मरण पाण्यावरचं होतं हे आज कुणाला कळलं नसतं.

इतक्या गाई का?

कारण त्या काळात गुरं हीच संपत्ती होती. शेती त्यांच्यावर, दूधदुभतं त्यांच्यावर, ओझं वाहणं त्यांच्यावर. जिथे पाऊस कमी आणि चराईची रानं मोठी, तिथे तर जास्तच. शत्रूच्या गावाची गुरं हाकून नेणं ही लढाईची एक रीतच होती. महाभारतात कौरव विराटाच्या गाई पळवतात तो प्रसंग आठवा. गुरं गेली की गावाचं पुढचं वर्ष गेलं. म्हणून त्यांच्यामागे धावलेल्या माणसाचा दगड गावाने उभा केला.

मग नाव का लिहिलं नाही?

कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर लेख कोरलेले आहेत. बंगळुरूजवळच्या बेगूर इथल्या नवव्या शतकाच्या अखेरच्या लेखात ‘बेंगळूरु’ हे नाव येतं, ते याच प्रकारच्या दगडावर. अतकूर इथल्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात तर ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण आहे. रानडुकराशी लढताना डुक्कर आणि कुत्रा दोघंही मेले, असं तो लेख सांगतो. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याचं नाव आज आपल्याला माहीत आहे.

महाराष्ट्रात मात्र बहुसंख्य वीरगळ मुके आहेत, त्यांच्यावर अक्षर नाही. एक शक्यता सरळ आहे. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना नाव लिहायची गरज वाटली नसावी. अख्ख्या गावाला तो कोण हे ठाऊकच होतं. नाव लोकांच्या तोंडी होतं आणि पुढे कधीतरी ते विसरलं गेलं.

विगेलँडचे पुतळेही बिननावाचे आहेत, पण त्यात मोठा फरक आहे. विगेलँडला कुणीही एक माणूस दाखवायचा होता, म्हणून त्याने नाव दिलं नाही. वीरगळावरचा माणूस मात्र ठरावीक होता. त्याला घर होतं, आई होती आणि एका ठरावीक दिवशी तो मेला होता.

कोपरातून वाकलेला हात दिसला तर?

वीरगळांच्या रांगेत कधी कधी एक वेगळा दगड असतो. त्यावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला, पंजा वर केलेला एक हात. ही सतीशिळा. पतीच्या चितेवर गेलेल्या बाईची खूण. बांगड्या म्हणजे तिचं सौभाग्य कायम राहिलं असं दाखवणं. काही वेळा वीरगळावरच एका बाजूला हा हात कोरलेला असतो.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा. वीरगळ सांगतो की एक माणूस लढला आणि मेला. सतीशिळा सांगते की एक बाई आशीर्वाद देत गेली. पण हे तिने सांगितलेलं नाही, दगड उभा करणाऱ्यांनी सांगितलंय. तिला काय वाटत होतं, तिला पर्याय होता का, ती किती वर्षांची होती, यातलं काहीच त्या हातावरून कळत नाही. इंग्रज सरकारने १८२९ मध्ये बंगाल प्रांतात सतीप्रथा कायद्याने बंद केली. १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराला इथल्या घटनेनंतर केंद्राने केलेल्या कायद्यानुसार सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा आहे.

मग सतीशिळा पाहायच्या नाहीत का? पाहायच्या, पण पुरावा म्हणून. इथे एका बाईचं मरण झालं होतं, एवढं तो दगड नक्की सांगतो. त्याचा फोटो टाकताना ‘शौर्य’, ‘पवित्र’ अशी कॅप्शन न देता हे एवढंच सांगितलं तरी पुरे.

आणि गाढव दिसलं तर?

तो वीरगळ नाही, गद्धेगळ आहे. यातही वर सूर्य-चंद्र आणि कलश असतो, म्हणून लोक फसतात. पण मधल्या भागात बहुधा लेख आणि खाली गाढव व स्त्री अशी आकृती असते. ही जमिनीच्या दानाची आज्ञा असते. दान मोडेल त्याला दिलेली शिवी म्हणजे ते खालचं चित्र. थोडक्यात, वीरगळ स्मारक आहे आणि गद्धेगळ धमकी.

आयुष्याचे बाकीचे टप्पे कुठे आहेत?

वीरगळात मरण आहे, पण बालपण, प्रेम, आईपण? ते शोधायला मंदिराच्या बाहेरच्या भिंती पाहा. यादवकाळातल्या मंदिरांच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरण्याची पद्धत होती. आरशात बघणारी ती दर्पणा, पत्र लिहिणारी ती पत्रलेखा, आळस देणारी ती आलसा, कडेवर मूल घेतलेली ती पुत्रवल्लभा. देव गाभाऱ्यात आणि माणसाचं रोजचं जगणं बाहेरच्या भिंतीवर, अशी ती मांडणी. पेडगावच्या लक्ष्मीनारायण मंदिराभोवती सावकाश एक फेरी मारा आणि यातल्या किती ओळखता येतात ते बघा. अकोले तालुक्यात टाहाकारीचं जगदंबा मंदिर आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हेही कोरीवकामासाठी पाहण्यासारखे आहेत.

मग अडचण कुठे आहे?

वीरगळ टिकले ते लोकांमुळे, हे आधी मान्य करू. पुरातत्त्व खातं येण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने त्यांना शेंदूर लावला, तेल घातलं, नारळ फोडला. काही ठिकाणी ते देवच झाले. नाशिकमध्ये धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, घराण्यातल्या वीरांची आठवण अजून नाचवली जाते. अभ्यासकांनीही या दगडांकडे गंभीरपणे पाहिलं. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी स्मृतिशिळांवर संपादित केलेला ग्रंथ १९८२ मध्ये धारवाडहून प्रसिद्ध झाला आणि तो आजही पायाभूत मानला जातो.

अडचण सुरू होते ती जीर्णोद्धारात. जुनं देऊळ पाडून फरशीचं नवं देऊळ होतं आणि बाहेरचे दगड पिंपळाच्या पारावर टेकवले जातात. कुठे ते पायरीला बसतात, कुठे कपडे धुवायला. कुठे चांगल्या हेतूने त्यांच्यासाठी सिमेंटचा ओटा बांधला जातो, दगड पडू नयेत म्हणून.

आणि नेमकं यातच मोठं नुकसान होतं. ओटा केला की दगडाचा खालचा हातभर भाग सिमेंटमध्ये जातो, म्हणजे सगळ्यात खालची चौकट. अप्सरा राहतात, शिवलिंग राहतं, कलश राहतो. जातात त्या गाई, तो वाघ, ते जहाज. म्हणजे श्रद्धा वाचते आणि माणूस बुजतो. ज्याचं नाव आधीच विसरलं गेलंय, त्याची उरलेली एकमेव ओळखही पुरली जाते. शेंदराचे थरावर थर चढले तरी हेच होतं, फक्त हळूहळू.

कायदा काय म्हणतो? शंभर वर्षांहून जुनं शिल्प हे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पण प्रत्येक गावातल्या प्रत्येक दगडावर सरकारचा पहारा असणं शक्य नाही. गावाला त्याचा अर्थ माहीत असणं, हाच खरा पहारा.

तुम्ही पाहायला गेलात तर

• सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरपा प्रकाश पडला की झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. सावलीत असेल तर मोबाइलचा टॉर्च समोरून नाही, बाजूने धरा.

• आकृती दिसावी म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. खरवडून शेंदूर काढू नका. तो गावाच्या श्रद्धेचा भाग आहे, शिवाय खरवडताना दगडही जातो.

• वाकून, शक्य असेल तर बसून, खालच्या चौकटीपासून बघायला सुरुवात करा. चारही बाजूंनी फिरा, काही वीरगळ चारही अंगांनी कोरलेले असतात.

• दोन फोटो काढा, एक पूर्ण दगडाचा आणि एक खालच्या चौकटीचा. पोस्ट करताना गाव आणि तालुका लिहा. ‘प्राचीन रहस्यमय शिल्प’ एवढंच लिहिलं तर त्याचा कुणालाच उपयोग नाही.

• गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, या दगडाला तुम्ही काय म्हणता? कधी कधी नाव गेलेलं असतं, पण गोष्ट उरलेली असते.

• तुमच्या गावात जीर्णोद्धार होणार असेल तर ओटा बांधण्याआधी ट्रस्टींना आणि सरपंचांना एवढंच सांगा की दगड खालपर्यंत दिसू द्या. शक्य असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या वस्तुसंग्रहालयाला आधी कळवा.

ऑस्लोच्या बागेतला मुलगा कशावर रागावलाय हे कुणालाच माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. पेडगावच्या किंवा तुमच्या गावच्या देवळाबाहेर पडलेला माणूस मात्र कशासाठी मेला हे दगडाच्या तळाशी कोरलेलं असू शकतं. तिथे अजून सिमेंट पोचलं नसेल, तर या सुट्टीत गावी गेलात की जरा वाकून बघा.